जिंकलेल्या युद्धानंतरचे शहर

‘द लेजंड ऑफ कोरा’ ही ॲनिमेटेड मालिका १४ एप्रिल २०१२ रोजी निकेलोडियन वाहिनीवर सुरू झाली आणि अगदी पहिल्या भागापासून तिच्या प्रेक्षकांत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या मूळ मालिकेने २००५ ते २००८ या काळात ६१ भागांतून जे जग इतक्या मायेने उभे केले, त्या जगात मोटारी, रेडिओ आणि उंच इमारती आणून उत्तरकथेने त्याची जादूच घालवली. दुसऱ्या तटाला ते नवे शहर मनापासून आवडले. परंतु त्यांनाही मालिकेचा सूर खटकत राहिला. कुठे ती फार काळोखी वाटे, तर कुठे प्रेमाच्या त्रिकोणात अडकलेली आणि उथळ. २०२० मध्ये दोन्ही मालिका अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आल्या, मूळ मालिका प्रसारित होत असताना जन्मालाही न आलेली मुले त्या पाहू लागली, आणि ती मुलेही याच दोन तटांत विभागली गेली.

या वादात विश्वरचना आणि सूर यांचे गुण वेगवेगळे दिले जातात, हे मला मुळातच पटत नाही. कोराच्या कथेचा सूर तिच्या जगाच्या रचनेतूनच ठरतो. ज्या ज्या ठिकाणी ही मालिका आपल्याच जगाने विचारलेल्या प्रश्नाशी प्रामाणिक राहते, तिथे तिचे गांभीर्य खरे वाटते, आणि ज्या ठिकाणी ती त्या प्रश्नाला बगल देते, तिथे तेच गांभीर्य पोकळ वाजू लागते. मोटारी आणि रेडिओ यांचा यात फारसा दोष नाही.

ज्यांनी या मालिका पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. या जगात पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू यांपैकी एखादे तत्त्व शरीराच्या हालचालींनी वळवण्याची विद्या, म्हणजे बेंडिंग, काही माणसांना जन्मतः लाभते. चारही तत्त्वांवर प्रभुत्व मिळवणारी व्यक्ती एका वेळी एकच असते. तिला अवतार म्हणतात आणि ती मृत्यूनंतर पुढच्या राष्ट्रात पुन्हा जन्म घेते. मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघांनी निर्माण केलेल्या पहिल्या मालिकेत आंग नावाचा बारा वर्षांचा वायुभिक्षू शंभर वर्षे चाललेले अग्निराष्ट्राचे युद्ध संपवतो. कोरा ही त्याच्या नंतरची अवतार. तिची कथा युद्ध संपल्यानंतर सत्तर वर्षांनी सुरू होते आणि रिपब्लिक सिटी नावाच्या महानगरात घडते. १९२० च्या दशकातील शांघाय आणि न्यूयॉर्कचे मॅनहॅटन ही त्या नगराची प्रेरणास्थाने असल्याचे निर्मात्यांनी सांगितले आहे.

यंत्रांविषयीची तक्रार मूळ मालिका लक्षपूर्वक पाहिली तर फार वेळ टिकत नाही. अग्निराष्ट्राची कोळशावर चालणारी लोखंडी जहाजे आपण पहिल्याच भागात पाहिलेली असतात. उत्तरेच्या वायुमंदिरात आश्रयाला आलेला यंत्रज्ञ युद्धासाठी फुगा बनवतो आणि तो शत्रूच्या हाती पडतो, त्यानंतर दोन पर्वांनी आकाशात शत्रूची हवाई जहाजे दिसतात. बा सिंग से या पृथ्वीराज्याच्या राजधानीच्या तटबंदीला भोके पाडणारे प्रचंड यंत्र येते, सूर्यग्रहणाच्या दिवशीच्या हल्ल्यासाठी पाणबुड्या बांधल्या जातात. ज्या जगाने एका युद्धात एवढी मजल मारली, ते पुढच्या सत्तर वर्षांत मोटारीपर्यंत पोहोचले नसते तरच ते खोटे वाटले असते. मोटार आली म्हणून जादू गेली असे म्हणणाऱ्यांना मूळ मालिकेतील गावे, डोंगर आणि उडणारा गवा आठवत असतो. लोखंड मात्र ते विसरतात.

उत्तरकथेत विश्वरचनेचा मला सर्वांत आवडलेला तपशील अगदी लहान आहे आणि त्याच्यावर मी तासन्‌तास बोलू शकेन. मूळ मालिकेत वीज निर्माण करणे ही अग्निविद्येची दुर्मीळ, राजघराण्यात जपलेली कला आहे. अग्निराष्ट्राची राजकन्या अझुला, तिचा बाप ओझाय आणि काका आयरो यांच्यापलीकडे ती कोणाच्या हातात फारशी दिसत नाही, आणि ती शिकण्यासाठी मन किती शांत असावे लागते यावर आयरोने आपल्या पुतण्याला सविस्तर पाठ दिलेला आहे. कोराच्या पहिल्या पर्वात माको नावाचा अनाथ तरुण शहराच्या वीजनिर्मिती केंद्रात पाळीवर उभा राहून हीच वीज यंत्रात सोडतो. त्याच्या शेजारी आणखी कामगार रांगेने तेच काम करत असतात. राजकन्येचे अस्त्र सत्तर वर्षांत रोजंदारीचे काम झाले, आणि हे सांगण्यासाठी मालिकेने एक वाक्यही खर्ची घातलेले नाही. आंगची सोबतीण टॉफ हिने लोखंडी पेटीत कोंडलेल्या अवस्थेत एकटीने शोधून काढलेली धातू वळवण्याची विद्या आता तिच्या मुलीच्या, लिन बेफाँगच्या, पोलीस दलाचा गणवेश झालेली आहे. ताई ची, हुंग गार आणि उत्तर शाओलिन या चिनी युद्धकलांवर बेतलेल्या पाणी, पृथ्वी आणि अग्नी यांच्या तीन विद्या स्पर्धांच्या क्रीडागारात एकत्र येऊन मुष्टियुद्धासारख्या आखूड, चपळ ठोशांच्या झालेल्या आहेत. विद्या पवित्र राहिली नाही म्हणून काही चाहते हळहळतात, आणि त्यांची हळहळ मला समजते. परंतु जगात काळ पुढे सरकल्याचा याहून नेमका पुरावा मला दुसऱ्या कोणत्याही उत्तरकथेत आढळलेला नाही.

त्याच पर्वातील रक्त वळवण्याच्या विद्येचे मात्र मी असे समर्थन करणार नाही. मूळ कथेत ती विद्या पौर्णिमेच्या रात्रीपुरतीच साधते, आणि हामा या म्हातारीने ती तुरुंगात उंदरांवर सराव करत मिळवलेली असते. तिच्या भीषणतेत तिच्या मर्यादेचा मोठा वाटा आहे. कोराच्या काळात एका कुटुंबाला ती भरदिवसा, हात न हलवताही साधते, आणि त्याचे स्पष्टीकरण ‘रक्तातच विशेष गुण आहे’ एवढेच मिळते. वीज कामगाराच्या हाती आली यामागे समाज बदलल्याचे कारण होते. इथे केवळ खलनायक अधिक बलवान हवा होता.

आणि तो खलनायक, अमॉन, हाच या वादाचा खरा गाभा आहे. मूळ मालिका प्रवासाची होती. दर भागात नवे गाव, नवी माणसे, आणि मग गव्याच्या पाठीवर बसून पुढे. प्रवाशाला जग तुकड्या-तुकड्यांनी दिसते आणि त्या तुकड्यांतील जोड त्याला शोधावे लागत नाहीत. शहरात राहणाऱ्याची अशी सुटका नसते. तिथे कोण कोणाच्या वर उभा आहे, पोलीस कोणाचे, परिषदेत कोण बसते, रात्री कोणत्या गल्लीत कोणाला भीती वाटते, हे दिसू लागते. बेंडर आणि बिगरबेंडर अशा दोन जातीची माणसे एका शहरात सत्तर वर्षे राहिली तर काय होईल, हा प्रश्न मूळ मालिकेला कधी विचारावाच लागला नव्हता, कारण तिथे आंगचा सोबती सोक्का याच्यासारखा बिगरबेंडर आपल्या बुद्धीने आणि बूमरँगने सगळ्यांच्या बरोबरीने चालत होता. रिपब्लिक सिटीत बेंडरांच्या टोळ्या दुकानदारांकडून खंडणी वसूल करतात. उद्योगपती हिरोशी सातोची पत्नी अग्निविद्या जाणणाऱ्या गुंडांच्या हातून मारली गेलेली असते. मुखवटा घातलेला अमॉन समतावाद्यांच्या सभेत उभा राहून बेंडरांची शक्ती कायमची काढून घेतो, तेव्हा प्रेक्षकाला भीती वाटते आणि त्याच वेळी त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे हेही जाणवते. या दोन भावना एकत्र येण्यातून त्या पर्वाचा सूर तयार झालेला आहे. तो काळोख वरून ओतलेला नाही, शहराच्या पोटातून आलेला आहे.

पुढे शहराचा कारभार पाहणाऱ्या परिषदेतील टारलॉक बिगरबेंडरांवर संचारबंदी लादतो, त्यांच्या वस्तीचा वीजपुरवठा तोडतो आणि निदर्शकांना सरसकट पकडतो. गर्दीतील एक बाई कोराला हाक मारून सांगते की, तू आमचीही अवतार आहेस. मालिकेच्या ५२ भागांत कोराला विचारला गेलेला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, असे मी आजही मानतो. चारही तत्त्वे वश असलेली मुलगी, जिच्या पूर्वजन्माचा, आंगचा, पुतळा शहराच्या बंदरात उभा आहे, ती ज्यांना एकही तत्त्व वश नाही त्यांची कोण लागते?

या प्रश्नाचे उत्तर मालिका देत नाही. अमॉन हा स्वतःच बेंडर असल्याचे, त्याच्या चेहऱ्यावरचा भाजल्याचा व्रण रंगवलेला असल्याचे सर्वांसमोर उघड होते, आणि त्याचबरोबर अख्खी चळवळ विरघळून जाते. जणू खंडणीही त्याने रंगवली होती आणि संचारबंदीही. दुसरे पर्व सहा महिन्यांनी उघडते तेव्हा परिषद गेलेली असते आणि रायको नावाचा बिगरबेंडर राष्ट्राध्यक्ष निवडून आलेला असतो. म्हणजे शहराने मधल्या काळात काहीतरी उत्तर शोधले, कदाचित फार मोठे उत्तर शोधले, पण ते आपल्याला दाखवले गेले नाही. लोकांनी मतदान केले असेल, परिषदेतील राष्ट्रांनी सत्ता सोडली असेल, त्यावर भांडणे झाली असतील. मला ते सहा महिने पाहायचे होते. त्याऐवजी पडद्यावर अमॉनने काढून घेतलेली कोराची शक्ती आंगच्या आत्म्याने काही मिनिटांत परत केली, आणि कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या त्या मुलीचे रडणे डोळ्यांसमोरून सरकायच्या आतच सगळे पूर्ववत झाले. सूर बिघडला तो इथे. बंदरातून निघालेल्या नौकेवर टारलॉक आपल्या भावासह, म्हणजे अमॉनसह, स्वतःला संपवतो, तो प्रसंग मुलांच्या वाहिनीवर दाखवण्याचे धैर्य या लेखकांत होते. पण शहराचा प्रश्न शहराच्या हाती उघडा ठेवण्याचे धैर्य त्यांना त्या वेळी झाले नाही.

यामागे काही व्यावहारिक कारणे आहेत आणि ती लक्षात घेतली पाहिजेत. पहिले पर्व बारा भागांची स्वतंत्र मालिका म्हणून मागवले गेले होते, त्यामुळे बाराव्या भागात सगळे मिटवणे भाग होते. मूळ मालिकेच्या मागे ॲरन एहाझ यांच्या नेतृत्वाखाली लेखकांचा एक चमू होता, तर कोराचे पहिले पर्व डिमार्टिनो आणि कोनिएत्झको या दोघांनीच लिहिले. शेवटच्या पर्वाच्या वेळी निधी कापला गेला, तेव्हा सहकाऱ्यांना कामावरून कमी करण्याऐवजी निर्मात्यांनी जुन्या दृश्यांची जुळणी करून एक भाग काढला. चाहते त्या भागाला नावे ठेवतात. मला त्याविषयी आदर वाटतो.

दुसऱ्या पर्वाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातील बहुतेक भाग मला पुन्हा पाहावासा वाटत नाही. त्याला अपवाद पहिल्या अवताराची, वानची, दोन भागांची कथा. जुन्या चित्रांच्या धाटणीत रंगवलेली ही कथा दोन्ही मालिकांतील सर्वांत देखण्या कामांपैकी एक आहे, आणि तिनेच विश्वरचनेवरचा सर्वांत कडवा वाद निर्माण केला. मूळ मालिकेत माणसे विद्या निसर्गाकडून शिकली होती: पृथ्वीची चिचुंद्रीसारख्या आंधळ्या प्राण्यांकडून, अग्नीची ड्रॅगनांकडून, वायूची गव्यांकडून आणि पाण्याची चंद्राकडून. वानच्या कथेत मात्र शक्ती प्रचंड सिंहकासव माणसांना देतात. हे मूळ कथेशी विसंगत आहे, असे अनेक जण आजही ठामपणे सांगतात. मला ती विसंगती वाटत नाही. वानला अग्नीची शक्ती कासवाकडून मिळते, पण ती वळवायची कशी हे तो ड्रॅगनबरोबर हालचाली करत शिकतो, आणि हे दृश्य त्या कथेत स्पष्ट आहे. शक्ती मिळणे आणि विद्या येणे यांतील हा फरक मूळ कथेला अधिक खोल करतो. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. प्रकाशाचा आत्मा रावा आणि अंधाराचा आत्मा वाटू असे दोन पक्ष आखल्यामुळे, जे जग तोवर समतोलाची भाषा बोलत होते ते एकाएकी चांगले विरुद्ध वाईट या सोप्या झगड्यात उतरले.

पण त्याच पर्वाने दोन गोष्टी केल्या आणि त्या मागे घेतल्या नाहीत. कोराचा सगळ्या पूर्वजन्मांशी असलेला संबंध कायमचा तुटला, आणि आत्म्यांच्या जगाची दारे तिने स्वतःच्या निर्णयाने उघडी ठेवली. आंग आता कधीच दिसणार नाही, या कारणाने कित्येकांनी मालिका पाहणे सोडले. मला मात्र तिथूनच ही मालिका प्रौढ झाल्यासारखी वाटते, कारण पुढची दोन पर्वे या निर्णयांची किंमत मोजतात. दारे उघडल्यामुळे शहरभर आत्मवेली माजतात, लोकांची घरे जातात, राष्ट्राध्यक्ष कोराला शहर सोडायला सांगतो. त्याच घटनेने बिगरबेंडरांत वायुविद्या जागी होते, आणि आंगच्या काळात समूळ नष्ट केलेले वायुराष्ट्र पुन्हा जन्म घेते. ही या जगाला मिळालेली सर्वांत मोठी भेट होती. आणि तीच भेट तुरुंगात बंद असलेल्या झाहीर या अराजकवाद्यालाही मिळते. तो बाहेर पडतो, बा सिंग सेच्या राणीच्या छातीतून श्वास ओढून घेऊन तिला मारतो. राणी गेल्यावर राजधानी लुटली जाते, राज्य फुटते, ते जुळवायला कुविरा नावाची सेनानी पुढे येते, जुळवता जुळवता हुकूमशहा होते, आणि तिचे महास्त्र चालते ते त्याच आत्मवेलींच्या शक्तीवर. दुसऱ्या पर्वातील एका निर्णयापासून चौथ्या पर्वातील अस्त्रापर्यंत ही साखळी कुठेही तुटत नाही. राणीच्या मृत्यूचा भाग तेव्हा दूरचित्रवाणीवर आलाच नाही, कारण २०१४ च्या उन्हाळ्यात वाहिनीने तिसऱ्या पर्वाचे शेवटचे पाच भाग थेट इंटरनेटवर टाकले होते. त्यामुळे तो प्रसंग लहान मुलांच्या वेळापत्रकात बसला असता का, हा वाद आपोआपच टळला.

झाहीर मला अमॉनपेक्षा श्रेष्ठ खलनायक वाटतो, कारण त्याच्या विचाराला कोणताही मुखवटा नाही. तो लघिमा नावाच्या प्राचीन वायुगुरूची वचने म्हणत असतो, सगळे ऐहिक पाश सुटले की मनुष्य उडू शकतो असे त्या गुरूचे सांगणे असते, आणि झाहीर उडतो ते त्याची प्रिया डोळ्यांदेखत मारली गेल्यानंतर. अष्टसिद्धींची नावे ज्यांनी घरात ऐकलेली आहेत त्यांना या गुरूच्या नावातच पुढची कथा ऐकू येईल. वैराग्याची परिपूर्ती आणि सर्वस्वाचा नाश एकाच क्षणी व्हावा, हे भयंकर आहे, आणि मालिका त्या क्षणावर कोणतेही भाष्य करत नाही.

मूळ मालिका हलकीफुलकी होती आणि कोरा काळोखी, असे जे म्हटले जाते त्यात तथ्य कमी आहे. मूळ मालिकेच्या तिसऱ्याच भागात आंगला आपल्या गुरूचा सांगाडा सापडतो. आयरो आपल्या मृत मुलासाठी टेकडीवर एकटाच गाणे म्हणतो. तो प्रसंग त्याला आवाज देणारे अभिनेते माको यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे, आणि कोराच्या मालिकेतील तरुणाला त्यांचेच नाव दिलेले आहे. फरक इतकाच की, मूळ कथेतील महाभयंकर गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडून गेलेली असते आणि मुले तिच्या अवशेषांतून हसतखेळत वाट काढतात. कोराच्या कथेत ती आपल्यासमोर, कोराच्या शरीरावर घडते. तिच्या अंगात पारा भिनवला जातो. चौथे पर्व तीन वर्षांनी उघडते तेव्हा ती कोणालाच सापडत नसते. मग आपल्याला ती चाकांच्या खुर्चीत दिसते, आंगची पत्नी असलेल्या म्हाताऱ्या कटाराच्या हाताखाली पायाची बोटे हलवायला शिकताना दिसते, आणि बरी झाल्यावरही स्वतःचीच साखळदंडातील आकृती तिचा पाठलाग करते. शेवटी उरलेला पारा टॉफ काढत नाही, कोराला तो स्वतःच काढायला लावते. हा संथपणा अनेकांना कंटाळवाणा वाटला. मी तर म्हणेन की, आजारपणानंतरचे दिवस इतक्या धीराने दाखवणारी मुलांची मालिका फार क्वचित होते.

महाभारत ऐकत वाढलेल्या वाचकाला या क्रमात नवल वाटायला नको. अठरा दिवसांचे युद्ध संपल्यावर युधिष्ठिराला राज्य नकोसे होते, शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडून त्याला राजधर्म ऐकावा लागतो, आणि शांतिपर्व हे सगळ्या पर्वांत मोठे आहे. विजयानंतरच्या राज्याची चिंता युद्धाच्या चिंतेहून लांब चालते, हे व्यासांनी जितके मनावर घेतले तितके कोराच्या लेखकांना पूर्णपणे जमले नाही; पण दिशा तीच होती. पृथ्वीराज्याचा वारस राजपुत्र वू शेवटी राजेशाहीच विसर्जित करण्याचे ठरवतो आणि मालिका संपते. त्या राज्यातील निवडणुकीचे पुढे काय झाले, हे ‘रुइन्स ऑफ द एम्पायर’ या चित्रकथेत सांगावे लागले. अग्निराष्ट्राच्या ज्या वसाहतींतून रिपब्लिक सिटी जन्मली, तिथल्या संमिश्र कुटुंबांचा प्रश्नही ‘द प्रॉमिस’ या दुसऱ्या चित्रकथेतच सविस्तर येतो. हे सगळे पडद्यावर असते, तर समतावाद्यांच्या चळवळीलाही मुळे मिळाली असती आणि सुराविषयीचा अर्धा वाद उद्भवलाच नसता.

आता ‘अवतार: सेव्हन हेव्हन्स’ (म्हणजे सात आश्रयस्थाने) या २६ भागांच्या नव्या मालिकेची घोषणा झालेली आहे. तिची नायिका कोराच्या नंतरची अवतार आहे, जग महासंकटाने उद्ध्वस्त झालेले आहे आणि अवताराला लोक तारणहार मानत नाहीत, विनाशक मानतात. कोराने मिळवलेले सगळे मातीत गेले म्हणून तिचे चाहते दुखावले आहेत, आणि मीही त्यांतला एक आहे. तरीही जग मोडले याला माझी हरकत नाही. ते कशामुळे मोडले हे या कथेने सांगावे, आणि ते कारण कोराने उघडी ठेवलेली दारे, शहराच्या मध्यभागी तिच्या डोळ्यांदेखत उघडलेले तिसरे दार, नव्याने जन्मलेले वायुराष्ट्र आणि वूने सोडलेले सिंहासन यांतूनच निघावे, एवढे मला हवे आहे. एखादा नवा अंधाराचा आत्मा कुठूनतरी आणून हे सारे पुसून टाकले, तर त्या २६ भागांचा सूर कितीही गंभीर असला तरी तो मला ऐकू येणार नाही. आणि गर्दीतील त्या बाईची नात, जिला कोणतेच तत्त्व वश नाही, ती त्या सात आश्रयस्थानांपैकी एकात तरी राहत असावी, आणि या वेळी तिचा प्रश्न अर्ध्यावर सोडला जाऊ नये.